परीक्षकाचीच परीक्षा

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या भागात विहिरीच्या पाण्याची परीक्षा जिभेने होते. ओंजळभर पाणी तोंडात घ्यायचे, खळखळवायचे आणि निकाल द्यायचा, 'गोड', 'मचूळ' नाहीतर 'खारं'. सातपुड्यात उगम पावून चांगदेवजवळ तापीला मिळणाऱ्या पूर्णा नदीच्या खोऱ्यात, अमरावती, अकोला आणि बुलढाणा ह्या तीन जिल्ह्यांत जो खारपाणपट्टा पसरला आहे, त्यात दर्यापूर तालुक्यातील माझे गाव येते. इथल्या माणसाला पाण्याचा खारेपणा कोणी शिकवावा लागत नाही. परंतु जिभेची एक अडचण आहे. जी जीभ जन्मभर मचूळ पाणी प्यायली तिला तेच गोड वाटू लागते. शिवाय 'थोडे खारट' म्हणजे नेमके किती, हे जीभ सांगू शकत नाही. तिथे आकडा लागतो, आणि आकडा देणारे यंत्र लागते.

कला महाविद्यालयात असले यंत्र कुठून आले, असा प्रश्न वाचकांना पडेल. आमच्या भूगोल विभागाच्या कपाटात क्षेत्र-अभ्यासासाठी घेतलेले एक विद्युतवाहकतामापक आहे. गेल्या हिवाळ्यात आम्ही चार विद्यार्थ्यांनी त्याने २३ विहिरींचे पाणी तपासले. ते तपासताना माझ्या हातून जी चूक झाली, तिच्यामुळेच मला हे यंत्र खऱ्या अर्थाने समजले. तीच हकीकत आणि त्यामागचे शास्त्र इथे सांगणार आहे.

पाण्यातून वीज कशी जाते?

अगदी शुद्ध पाणी विजेचे वाहक म्हणून फार कच्चे असते. पाण्यात मीठ, चुना, सोडा असे क्षार विरघळले की त्यांचे विद्युतभारित कण सुटे होतात. त्यांना आयन म्हणतात. हे आयनच पाण्यातून वीज वाहून नेतात. जितके आयन अधिक, तितकी वीज सहज वाहते. स्वीडनच्या अऱ्हेनियस ह्या तरुणाने १८८४ साली आपल्या प्रबंधात, क्षारांचे असे आयन होतात हे मांडले, तेव्हा त्याच्या परीक्षकांनी त्याला अगदी खालची श्रेणी दिली. त्याच अऱ्हेनियसला १९०३ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले! परीक्षकही चुकतात, हे ह्या विषयाच्या जन्मापासूनच दिसते.

विजेच्या मार्गातील अडथळा म्हणजे रोध. तो 'ओम' ह्या एककात मोजतात. वाहकता ही त्याच्या उलट, म्हणून जुन्या पुस्तकांत तिच्या एककाचे नावही उलटे लिहिलेले आढळते, 'म्हो'! १९७१ साली वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने त्याला 'सायमन्स' हे नाव दिले. पाण्याची वाहकता दर सेंटिमीटरला किती मायक्रोसायमन्स, अशी सांगतात. ह्या लेखात पुढे नुसते 'एकक' म्हटले असेल तिथे हेच एकक समजावे. २५ अंश सेल्सिअस तापमानाला अतिशुद्ध पाण्याची वाहकता ०.०५५ एकक असते, तर समुद्राच्या पाण्याची सुमारे ५०,०००. आपल्या विहिरी ह्या दोन टोकांच्या मधे कुठेतरी येतात.

यंत्राचे दोन भाग असतात. एक म्हणजे आकडा दाखवणारी पेटी आणि दुसरा म्हणजे पाण्यात बुडवायची कांडी. आमच्या कांडीत काचेच्या नळीच्या आत प्लॅटिनमचे दोन छोटे पत्रे समोरासमोर बसवले आहेत. पेटी त्या पत्र्यांना वीज देते आणि मधल्या पाण्यातून ती किती वाहिली ते मोजते. ही वीज एकाच दिशेने दिली तर आयन पत्र्यांजवळ गर्दी करतात आणि मोजमाप बिघडते. म्हणून दिशा सतत पालटणारी, म्हणजे प्रत्यावर्ती वीज वापरतात. ही युक्ती जर्मनीच्या कोलराउश ह्या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच यशस्वी करून दाखवली.

आता पत्रे मोठे असले तर वीज जास्त वाहणार आणि त्यांतील अंतर वाढले तर कमी वाहणार. म्हणजे पाणी तेच असूनही कांडी बदलली की आकडा बदलणार. हा फरक काढून टाकण्यासाठी प्रत्येक कांडीचा एक गुणक असतो. त्याला घट-स्थिरांक म्हणतात. एक चौरस सेंटिमीटरचे दोन पत्रे एक सेंटिमीटर अंतरावर असतील तर हा गुणक १ असतो. पेटीवर ह्यासाठी एक खुंटी असते. आमच्या कांडीवर १.० असे छापले होते, म्हणून आम्ही खुंटी १.० वर ठेवली आणि निश्चिंत झालो.

माझी चूक

पेटीवर आणखी एक बटन आहे. ते 'तपासणी'कडे वळवले की पडद्यावर १.००० यायला हवे, नसेल तर एक खुंटी फिरवून आणायचे. आम्ही दररोज हे इमानेइतबारे करत होतो आणि वहीत 'यंत्र तपासले' असे लिहीतही होतो. मग बाटल्यांतून आणलेल्या नमुन्यांत कांडी बुडवून आकडे उतरवून घेत होतो.

आमच्या शेताला लागून ज्यांचे शेत आहे, त्या काकांच्या विहिरीचा आकडा आला १,६४०. काकांना अर्ध्या एकरात लिंबाची बाग लावायची होती. घरातून महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच, त्यामुळे गावात माझ्या शब्दाला उगाचच वजन आले आहे. काकांनी विचारले, "काय म्हनते वं पोरी तुही मशीन? लिंबू लावू का नको?"

सिंचनाच्या पाण्याचे वर्ग मी नुकतेच पाठ केले होते. अमेरिकेतील क्षारता प्रयोगशाळेने १९५४ साली केलेले हे वर्गीकरण आजही पुस्तकांत देतात. २५० पर्यंत कमी क्षाराचे, २५० ते ७५० मध्यम, ७५० ते २,२५० जास्त आणि त्यापुढे अतिजास्त. अतिजास्त क्षाराचे पाणी सर्वसाधारण परिस्थितीत शेतीला अयोग्य मानतात. १,६४० हा आकडा मर्यादेच्या बराच अलीकडे होता. लिंबू हे क्षार सहन न करणारे झाड आहे, हे मला ठाऊक असायला हवे होते. पण मी म्हटले, "चालेल काका." त्यांनी दुसऱ्याच दिवशी रोपवाटिकेत पाचशे रुपये इसार दिला.

आठ दिवसांनी आम्ही तक्ता घेऊन भूगोलाच्या सरांकडे गेलो. सरांनी तक्ता पाहिलाच नाही. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "चौदाशे तेरा दाखवते का?"

आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागलो.

१,४१३ चे रहस्य

दुकानदाराचा तराजू खरा की खोटा हे त्या तराजूकडे नुसते बघून कळत नाही. ज्याचे वजन आधीच पक्के ठाऊक आहे असे शिक्क्याचे वजन पारड्यात टाकावे लागते. वाहकतामापकासाठी असे शिक्क्याचे वजन म्हणजे पोटॅशियम क्लोराइडचे द्रावण. हा क्षार शुद्ध स्वरूपात सहज मिळतो आणि त्याच्या द्रावणांची वाहकता शास्त्रज्ञांनी फार काटेकोरपणे मोजून ठेवली आहे. कोरड्या केलेल्या पोटॅशियम क्लोराइडचे ०.७४५६ ग्रॅम ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवून बरोबर एक लिटर द्रावण केले, तर २५ अंश सेल्सिअसला त्याची वाहकता १,४१३ एकक असते. जगात कुठेही करा, तेवढीच येणार. ठाऊक असलेल्या द्रावणाशी यंत्राचा आकडा ताडून पाहणे आणि तो जुळवून घेणे, ह्यालाच अंशशोधन किंवा कॅलिब्रेशन म्हणतात.

मग आम्ही रोज करत होतो ती 'तपासणी' कसली? सरांनी समजावले की ते बटन दाबल्यावर पेटी आपल्याच पोटातील एका ठराविक रोधाशी स्वतःला ताडून पाहते. कांडीचा त्यात संबंधच येत नाही. कांडी काढून बाजूला ठेवली तरी १.००० येईल! आम्ही करून पाहिले, आणि खरोखरच आले. थोडक्यात, विद्यार्थ्याने आपला पेपर आपणच तपासावा त्यातला हा प्रकार होता.

शेजारच्या विज्ञान महाविद्यालयातील रसायनशास्त्राच्या बाईंनी कृपा करून द्रावण तयार करून दिले. त्यांनी पोटॅशियम क्लोराइड आधी १०५ अंशांवर दोन तास सुकवले, कारण वजनात ओलावा आला तर क्षार तेवढा कमी भरतो. आम्ही द्रावणात कांडी बुडवली. तापमान २५ अंश होते. पडद्यावर आकडा आला ९८७.

१,४१३ च्या जागी ९८७! म्हणजे यंत्र शंभरातले तीस गिळत होते. त्या क्षणी मला २३ विहिरी आठवल्या नाहीत, फक्त काकांची लिंबाची बाग आठवली.

उत्तर जुळवणे आणि गणित सोडवणे

१,४१३ ला ९८७ ने भागले की १.४३ येतात. मला वाटले, घट-स्थिरांकाची खुंटी १.० वरून १.४३ वर नेली की झाले. फिरवून पाहिली तर खरेच १,४१३ आले. पण सर म्हणाले, "हे म्हणजे पुस्तकाच्या शेवटचे उत्तर पाहून मधल्या पायऱ्या जुळवणे झाले. आकडा का चुकला ते आधी शोधा." नव्या कांडीचा गुणक छापलेल्या आकड्याच्या आसपास असतो, १.४३ पर्यंत जात नाही.

कांडी उजेडात धरली तेव्हा कारण दिसले. पत्र्यांवर पांढरट पुट चढले होते. कधीतरी क्षाराच्या पाण्यात वापरून ती न धुताच ठेवली गेली असणार. चुनखडीचे असे पुट पत्र्याचा काही भाग झाकून टाकते. मग वीज कमी वाहते आणि आकडा कमी येतो. म्हणजे नेमक्या आमच्याच भागातले कठीण पाणी मोजून मोजून कांडी आंधळी झाली होती.

बाईंच्या देखरेखीखाली कांडी काही मिनिटे विरल हायड्रोक्लोरिक आम्लात ठेवली आणि ऊर्ध्वपातित पाण्याने पुन्हा पुन्हा धुतली. पत्र्यांवर प्लॅटिनमचा काळा नाजूक थर असतो, त्यामुळे ते कापडाने किंवा ब्रशने घासायचे नाहीत. नंतर त्याच द्रावणात आकडा आला १,३७६. आता गुणक निघाला १.०३, आणि तो पटण्यासारखा होता. खुंटी तेवढी फिरवून यंत्र १,४१३ वर आणले.

पुढच्या वर्षी हे काम करणाऱ्यांसाठी कृतीचा क्रम लिहून ठेवते. यंत्र सुरू करून पंधरा मिनिटे थांबावे. कांडी ऊर्ध्वपातित पाण्याने तीनदा धुवावी, मग थोड्याशा प्रमाण द्रावणाने विसळावी आणि ते विसळलेले द्रावण फेकून द्यावे. नवे द्रावण लहान पेल्यात घेऊन पत्रे पूर्ण बुडतील अशी कांडी धरावी. पत्र्यांत हवेचा बुडबुडा अडकला तर आकडा कमी येतो, म्हणून कांडी हलकेच हलवावी. तापमान मोजून तापमानाची खुंटी त्यावर ठेवावी. आकडा स्थिर झाला की घट-स्थिरांकाची खुंटी फिरवून १,४१३ आणावेत. वापरलेले द्रावण बाटलीत परत कधीही ओतू नये. थेंबभर विहिरीचे पाणी मिसळले की शिक्क्याचे वजनच खोटे होते.

एवढ्यावरही विसंबू नये. ज्या द्रावणावर यंत्र जुळवले त्यावर ते बरोबरच दाखवणार, त्यात नवल ते काय? म्हणून दुसरे, न जुळवलेले द्रावण लावून पाहावे. पहिल्याच द्रावणात दहापट पाणी होईल असे ते विरल केले की २५ अंशांना १४७ एकक यायला हवेत. आम्हाला १५० मिळाले. विरल करायला घेतलेल्या पाण्याचीही दोन-तीन एकके असतातच, तेव्हा हे उत्तर समाधानकारक होते. शिवाय दर दहा नमुन्यांनंतर आणि शेवटी कांडी पुन्हा १,४१३ च्या द्रावणात बुडवून पाहावी.

तापमानाची गोष्ट थोडी वेगळी सांगायला हवी. पाणी तापले की आयन चपळ होतात आणि वाहकता दर अंशाला साधारण दोन टक्के वाढते. २५ अंशांना १,४१३ असणारे द्रावण २० अंशांना १,२७८ च भरते. आमच्याकडे हिवाळ्यात सकाळ आणि दुपार ह्यांत दहा अंशांचा फरक सहज पडतो. म्हणजे तीच बाटली सकाळी मोजली आणि दुपारी मोजली, तर तापमानाची खुंटी न फिरवल्यास वीस टक्क्यांचा घोटाळा! म्हणून आकड्यांची तुलना नेहमी २५ अंशांवर आणून करतात.

काटा मारला!

यंत्र सुधारल्यावर जुन्या आकड्यांना १.४३ ने गुणून नवा तक्ता करण्याचा मोह आम्हाला झाला होता. पण त्या आठवड्यात पुट वाढत गेले असेल, तर पहिल्या आणि शेवटच्या विहिरीची चूक सारखी नसणार. म्हणून आम्ही पुन्हा सायकली काढल्या आणि २३ विहिरींचे पाणी नव्याने आणले. काकांच्या विहिरीचा आकडा आला २,३८०. मर्यादा २,२५० ची. जे पाणी मी 'चालेल' म्हटले होते ते मर्यादेपलीकडचे होते. आमच्या काळ्या चिकण जमिनीत पाण्याचा निचरा मुळातच कमी, त्यामुळे असा क्षार तिथेच साठत जातो.

हे काकांना फोनवर सांगता आले असते. पण चूक समोर जाऊन सांगावी असे वाटले. काकांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "आगुदर चालते म्हने, आता नाही म्हनतं. आमी खरं कोनतं समजाव?"

प्रश्न रास्त होता. अंशशोधन, घट-स्थिरांक हे शब्द तिथे उपयोगाचे नव्हते. मी विचारले, "काका, कापूस विकताना व्यापाऱ्याच्या काट्यावर तुम्ही आधी काय करता?" ते म्हणाले, "घरून मोजलेलं पोतं ठेवून पायतो." मी म्हटले, "आम्ही ते पोतं ठेवलंच नव्हतं. आता ठेवलं." काका क्षणभर थांबले आणि हसून म्हणाले, "म्हंजे तुह्या मशीनीनं काटा मारला!"

इतक्या दिवसांत मला जे नीट सांगता आले नव्हते, ते काकांनी एका वाक्यात सांगितले. पण त्यांनी माझ्या शब्दावर दुसऱ्यांदा विसंबून राहायचे नाही असेही ठरवले, आणि ते योग्यच झाले. त्यांनी जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पाणी दिले. तिथला निकाल आला २.४ डेसीसायमन्स प्रति मीटर. एक डेसीसायमन्स प्रति मीटर म्हणजे आपली १,००० एकके. म्हणजे आमचे २,३८० आणि त्यांचे २,४०० जवळपास तेच. लिंबाची बाग राहिली. इसाराचे पाचशे रुपये मात्र परत मिळाले नाहीत. काका त्याबद्दल कधी बोलले नाहीत, पण ते पाचशे रुपये माझ्या नावावर आहेत असे मी समजते.

आकडा काय सांगत नाही

यंत्र बरोबर झाले म्हणून ते सर्वज्ञ होत नाही, हेही सांगितले पाहिजे. वाहकतेवरून एकूण क्षार किती ह्याचा अंदाज येतो. त्यासाठी आकड्याला साधारण ०.६४ ने गुणतात. काकांच्या विहिरीत असे लिटरमागे सुमारे १,५०० मिलिग्रॅम क्षार निघतात. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक ५०० ची मर्यादा सांगते, आणि दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत सवलत देते. पण हे क्षार कोणते, ते वाहकता सांगत नाही. सोडियम किती, नायट्रेट किती, फ्लोराइड किती, ह्यांच्या चाचण्या वेगळ्या असतात. पाण्यातले रोगजंतू तर ह्या यंत्राला मुळीच दिसत नाहीत. आकडा कमी म्हणून पाणी निर्धोक, असा निष्कर्ष कोणी काढू नये.

आता भूगोल विभागात यंत्राशेजारी एक वही ठेवली आहे. तारीख, द्रावणाचे तापमान, कांडी धुतल्यावर आलेला आकडा, जुळवलेला गुणक आणि सही, असे तिचे रकाने आहेत. पहिल्याच पानावर '९८७' हा आकडा आम्ही खोडला नाही, तसाच ठेवला आहे. पुढच्या वर्षी जे विद्यार्थी हे यंत्र घेऊन गावोगाव जातील, त्यांना माझी एवढीच विनंती आहे की पाण्याला प्रश्न विचारण्यापूर्वी यंत्राला एक प्रश्न अवश्य विचारा, "चौदाशे तेरा दाखवते का?" कारण विहिरीवर कोणीतरी काका तुमच्या उत्तराची वाट पाहत उभे असतील, आणि तुम्ही सांगाल त्यावर ते इसार देतील.